कोबीची दोन पातेली

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर कोबी चिरला. पाच जानेवारीची संध्याकाळ, त्याचं स्वयंपाकघर, टेबलाच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला मी. इकडे ऑकलंडला जानेवारीत उन्हाळा, नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे खिडकीतून ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. त्याच्या हातात बारीक सुरी, माझ्या हातात मोठी. देठ काढायचा, पानाची जाड शीर काढायची, बोटभर रुंद पट्ट्या करायच्या. बोटभर म्हणजे त्याच्या बोटाएवढ्या, माझ्या नाही, हे तो दर वर्षी सांगायचा, त्याही दिवशी सांगितलं. दोन गड्डे झाले. एक मोठ्या परातीत गेला, एक छोट्या भांड्यात. मग त्यानं सुरी धुतली, पुसली, खणात ठेवली. मधे थोडं बोलणं झालं, ते मी नंतर सांगतो. हा माणूस कोण होता ते कळल्याशिवाय त्या बोलण्याला अर्थ नाही.

तो आयर्लंडचा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. लग्न केलं नाही. तरुणपणी बोटीनं इकडे आला तो परत गेलाच नाही. पेनरोजला तुटकी पॅलेटं दुरुस्त करायचं एक यार्ड आहे. पॅलेट म्हणजे मालाच्या खाली घालायची लाकडी चौकट. तिथं तो फोरमन होता. मुलानं आम्हा नवरा-बायकोला ऑकलंडला आणलं तेव्हा मला घरी बसवेना, म्हणून मी त्या यार्डात लागलो. पुण्याला जन्मभर गॅरेजात गाड्यांचे पत्रे ठोकले, इथं खिळे ठोकायचे. ठोकायला इंग्रजी लागत नाही. शिक्षण म्हणाल तर सातवी, तीही पास की नापास ते पाहायला मी गेलो नव्हतो. यार्डात सगळे त्याला नावानं हाक मारायचे, मी फोरमन म्हणायचो. दोघांचीही नोकरी संपली तरी मी फोरमनच म्हणत राहिलो. नाव इथं लिहीत नाही. स्वतःचं नाव कुठं छापलेलं त्याला आवडायचं नाही, पत्रपेटीवरसुद्धा नव्हतं.

मुलाचं घर बॉटनी डाउन्सला. घर चांगलं, सून चांगली, पण बायका दोन आणि ओटा एक. माझी बायको फोडणी द्यायची आणि सून खिडक्या उघडायची. दोघी तोंडानं काही बोलायच्या नाहीत, भांडी बोलायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत फोरमननं मला विचारलं, तोंड असं का? मी दोन मुठी एकमेकींवर आपटून दाखवल्या आणि बोटानं डोक्यावर पदर काढून दाखवला. त्याला कळलं. ओटाहुहूला त्याचं जुनं लाकडी घर होतं, मागच्या अंगाला दोन खोल्या रिकाम्या. पुढच्या महिन्यात आम्ही तिथं राहायला गेलो. त्याच्या दारात आणि आमच्या दारात एक लिंबाचं झाड आणि कपडे वाळत घालायची दोरी, एवढंच अंतर.

बायको त्याला भाऊजी म्हणायची. ती मराठीत बोलायची, तो इंग्रजीत, आणि दोघांचं काही अडायचं नाही. माझंच अडायचं. मला कुतूहल फार. समोरचा माणूस काही वेगळं करताना दिसला की विचारल्याशिवाय मला जेवण जात नाही, आणि हा माणूस तर सकाळपासून वेगळंच करायचा. चहा बशीत नाही, कपात नाही, जॅमच्या बरणीत प्यायचा. जेवायचा उभ्यानं, बेसिनपाशी. बूट घरात घालायचा आणि अंगणात काढायचा. का रे असं, विचारलं की म्हणायचा, जमीन माझी आहे, फरशी नाही. घर तर त्याचंच होतं. मग फरशी कुणाची, ते काही मला कळलं नाही.

तर त्या पहिल्या डिसेंबरात, आठ तारखेला, तो व्हरांड्यात बसून पॅलेटच्या एका फळीवर सुताराच्या जाड पेन्सिलीनं घड्याळं काढत होता. एकाखाली एक, सात-आठ घड्याळं. मी विचारलं, काय बनवतोस. म्हणाला, जेवण. मला वाटलं आज रात्रीचं. म्हणाला, सहा जानेवारीचं.

मग त्यानं मला बसवून सांगितलं. त्यांच्या भागात नाताळ सहा जानेवारीला संपतो, आणि तो शेवटचा दिवस बायकांचा. बायकांनी बारा दिवस राबायचं आणि त्या दिवशी कशाला हात लावायचा नाही. रांधायचं पुरुषांनी, वाढायचं पुरुषांनी, भांडी पुरुषांनी. बाई खुर्चीत बसणार, आधी जेवणार, पुरुष नंतर. पुष्कळ घरांत नुसता चहा-केक करून भागवायचे, पण याच्या डोक्यात पूर्ण पान होतं: खारवलेल्या डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा उकडून, कोबी, दूध आणि कांद्याची पात घालून घोटलेला बटाटा, सोड्याचा पाव, शेवटी सफरचंदाचा गोड पदार्थ.

मी म्हणालो, तुझ्या घरात बाई कुठं आहे?

म्हणाला, नाही.

मग इतकी वर्षं कुणासाठी करायचास?

म्हणाला, करायचो नाही, नुसतं ठरवायचो. आणि त्यानं पेन्सिलीनं कुंपणाकडे दाखवलं. मी उठून पाहायला गेलो. कुंपण त्यानंच बांधलेलं, पॅलेटच्या फळ्यांचं. रस्त्याकडून पांढरा रंग, पण आतून पाहिलं तर प्रत्येक फळीवर घड्याळं. काही पुसट, काही पावसानं अर्धी गेलेली. दर वर्षी एक जेवण ठरवायचं, ते होणार नाही हे माहीत असायचं, आणि मग ती फळी कुंपणाला ठोकायची. माझी बायको मागे येऊन उभी राहिली होती. मी तिला सांगितलं काय आहे ते. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अहो, एवढी पानं उठली या माणसाच्या घरातून, कुणी न जेवता."

त्या वर्षी फळीवर त्यानं पहिल्यांदा एक बाई काढली. गोल तोंड, कपाळावर ठिपका.

त्याची पद्धत उलटी होती. आपण गॅस पेटवतो तिथून सुरुवात करतो, तो घास तोंडात जातो तिथून मागे यायचा. एकला बसायचं. म्हणजे पाऊणला बटाटा घोटायचा, म्हणजे साडेबाराला गाळायचा, म्हणजे बाराला टाकायचा. असं मागे मागे येत आठला पाणी ठेवायचं. "उपाशी माणूस थांबतो, बटाटा थांबत नाही," हे तो चारचौघांत सांगायचा, शनिवारच्या भाजी बाजारातसुद्धा. बटाट्यावरून तिथं त्याची भांडणं व्हायची. जानेवारीत इकडे कोवळा बटाटा येतो, लोक कौतुकानं घेतात. हा उचलून नखानं खरवडायचा आणि विकणाऱ्याला म्हणायचा, हा साबण केवढ्याला? जुना, पिठूळ बटाटा मिळेपर्यंत आम्ही पाच-पाच दुकानं हिंडायचो. मी पिशवी धरायला.

चार तारखेला तालीम. खोटं सांगत नाही. रिकामी पातेली, रिकाम्या ताटल्या, गॅस बंद. तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणायचा, आता, आणि मी रिकामं पातेलं उचलून बेसिनपर्यंत न्यायचं, हवा गाळायची, परत आणायची. एकदा मी हवा सांडली म्हणून मला परत पाठवलं. बायको दारातून पदर तोंडाशी धरून हसायची. मी म्हणायचो, हसू नको, हा माझा साहेब होता.

आणि पडदे. सहा जानेवारीला त्यांच्याकडे थंडी आणि चारला अंधार. इथं डोक्यावर ऊन, लोक जँडल, म्हणजे रबरी चपला, घालून समुद्रावर चाललेले. पण हा दुपारी एक वाजता सगळे जाड पडदे ओढायचा आणि मेणबत्त्या लावायचा. आत भट्टी. म्हणायचा, अर्धा तास सोस, मेट, म्हणजे दोस्ता, उजेडात हे अन्न लाजतं.

पहिल्या वर्षीचं ते जेवण मला घासाघासाला आठवतं. बायको काठापदराची साडी नेसून आली होती, नाकावर घाम. ती तीनदा उठली. एकदा पाणी घ्यायला, एकदा पाव कापायला, एकदा उगीचच. तिन्ही वेळा फोरमन म्हणाला, "बस." हा एक शब्द त्यानं माझ्याकडून आदल्या दिवशी शिकून घेतला होता आणि यार्डात हुकूम सोडावा तसा तो म्हणायचा. शेवटी ती बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिचे हात असे रिकामे मी पाहिले नव्हते. आमच्याकडे आधी मी, मग पोरगा, मग ती, तव्यावरची शेवटची करपलेली पोळी घेऊन. मी कधी म्हटलंही नव्हतं की तू आधी जेव. सुचलंच नाही, खरं सांगतो.

आता इथं एक गोष्ट सांगायला लागेल. बायको मांस-मच्छी खायची नाही. आधी खायची, आवडीनं. पोरगा नऊ वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली, डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा तिनं गावच्या देवीपुढं सोडलं. जन्मभरासाठी. पोरगा वाचला. त्यानंतर रस्सा वाढलेला चमचासुद्धा ती दुसऱ्या भांड्याला लावू द्यायची नाही. फोरमनला हे माहीत होतं, बाई मांस खात नाही, म्हणून त्यानं तिच्या ताटलीत बटाटा, पाव आणि कोबी वाढला.

ती पहिला घास खात होती. मी बेसिनपाशी उभा होतो, कारण पुरुषांनी नंतर. चुलीवर खिळ्याला फळी टांगलेली होती, माझ्या डोळ्यांसमोर. मला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून त्या वर्षी त्यानं सगळी चित्रं काढली होती. चित्राला शाळा लागत नाही. साडेनऊच्या घड्याळाशी मोठं पातेलं, त्यात शेपटीवाला डुक्कर. साडेबाराच्या घड्याळाशी कोबीचा गड्डा, आणि गड्ड्यापासून एक बाण. बाण जात होता डुकराच्या पातेल्यात. त्यांच्यात कोबी त्याच पाण्यात शिजवतात. त्याला वाटलं, कोबी ती भाजीच.

तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, कोबी काय झालाय. विचारा की भाऊजींना, काय घातलंय ते."

मी म्हणालो, "लोणी."

एवढंच बोललो. तिनं कोबी तीनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी मी फोरमनला सांगितलं. जणू मला आत्ताच कळलं अशा थाटात सांगितलं, फळी पाहताना लक्षात आलं म्हणून. तो खाली बसला. मला वाटलं चक्कर आली. मग उठून सरळ आमच्या दाराकडे निघाला, आत्ताच सांगतो म्हणून. मी त्याची बाही धरली. म्हणालो, पोराचा नवस आहे, ती झुरून मरेल, तू आणि मी गप्प बसलो तर कुणाचं काही बिघडत नाही. तो म्हणाला, तिचं तोंड, तिचा नवस, तू कोण? मी बाही सोडली नाही.

अकरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. बाराव्या दिवशी बाजारातून एक पांढरं, निळ्या काठाचं पातेलं घेऊन आला. यार्डात पॅलेटवर खुणा करायचा लाल रंग त्याच्याकडे उरला होता, त्यातला एक ठिपका त्यानं झाकणावर काढला. कुंकवाएवढा. दुसऱ्या वर्षापासून फळीवर दोन पातेली आली. त्या पांढऱ्यात तिच्या कोबीशिवाय कधी काही शिजलं नाही. मी एकदा त्यात अंडी उकडायला घेतली तर त्यानं हातातून काढून घेतलं.

आणि ती दर वर्षी म्हणायची, चांगलंय, पण पहिल्या वर्षीची चव नाही. विचारा त्यांना, लोणी बदललं का. मी मोडक्या इंग्रजीत भाषांतर करायचो. तो बेसिनकडे तोंड करून उभा राहायचा, कान लाल. त्याला माफी मागता यायची नाही. तो काहीतरी करायचा. दुसऱ्या वर्षी त्यानं आमच्या दाराला पायरी बांधली. पुढच्या वर्षी पायरीला कठडा.

मी असलं काही मानत नाही. पण त्या पहिल्याच वर्षी जूनच्या पावसात मोटरवेवर पोराची गाडी घसरली. हात मोडला, बाकी काही नाही. दवाखान्यात बायको मला म्हणाली, नवस नीट पाळलाय म्हणून हातावर निभावलं. मी बाहेर जाऊन पार्किंगमध्ये उभा राहिलो. फोरमन तिथं होता, त्यानंच आम्हाला आणलं होतं. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, आता सांगू? मी नाही म्हणालो. म्हणाला, पुढच्या वर्षी सांगतो. हे तो मग दर वर्षी म्हणायला लागला.

हा माणूस हे सगळं का करतो, याचा शोध मी सोडला नव्हता. दर वर्षी विचारायचो. एक वर्ष म्हणाला, पैज लावली होती. एक वर्ष म्हणाला, टीव्हीवर काही नसतं. चौथ्या की पाचव्या वर्षी बटाटे सोलताना आपणहून बोलला. वीस वर्षांचा असताना बाप वारला, तेव्हा त्या जानेवारीत थोरला म्हणून यानं आईला खुर्चीत बसवलं आणि जेवण करायला घेतलं. काही ठरवलं नव्हतं. सगळं जळलं. आईला वास येत होता, पण बसायला सांगितलं होतं म्हणून ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. उठली नाही. मग ते जळकं पूर्ण खाल्लं आणि म्हणाली, छान झालंय. मार्चमध्ये हा बोटीत बसला. परत भेट झाली नाही.

मी विचारलं, खोटं बोलली त्याचं वाईट वाटतं?

म्हणाला, नाही, तिला माहीत होतं ती काय खातेय.

मी बटाटे सोलत राहिलो. तो हे मला लागावं म्हणून बोलला नव्हता. त्याला कुठं माहीत होतं की मला टेबलापाशीच कळलं होतं? त्याला वाटायचं, दोघांना दुसऱ्या दिवशी कळलं. सगळा दोष तो स्वतःकडे घ्यायचा, आणि मी घेऊ द्यायचो.

बायको गेल्या सप्टेंबरात गेली. साखर होती, मग किडनी, मग तीन आठवडे. शेवटच्या दिवशी शुद्धीवर होती, पाणी मागितलं, पोराच्या पोरांची नावं घेतली. मी खाटेशी बसलो होतो. तोंडाशी आलं होतं माझ्या. नाही बोललो. यापुढं त्याबद्दल लिहीत नाही.

फोरमन स्मशानात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दोरीवर तिच्या तीन साड्या तशाच राहिल्या होत्या, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं त्या काढून घड्या घालून आणल्या होत्या. पॅलेटसारख्या चौकोनी घड्या, कोपऱ्याला कोपरा. हातात दिल्या आणि गेला.

मला वाटलं, आता फळी संपली. आठ डिसेंबरला पाहतो तर व्हरांड्यात पेन्सिल घेऊन बसलेला. मी म्हणालो, आमच्यात माणूस गेल्यावर वर्षभर सण करत नाहीत. म्हणाला, सण तुझा नाही, माझा आहे. मी म्हणालो, बाई कुठं आहे? तो घड्याळ काढत राहिला. मी वाकून पाहिलं. दोन पातेली होती. छोट्याच्या झाकणावर ठिपका. मी चिडलो, आत निघून गेलो. पण चार तारखेला तालमीला गेलो. नसतो गेलो तर दिवसभर काय केलं असतं?

आणि मग पाच तारखेचा कोबी. दुसरा गड्डा हातात घेताना मी म्हणालो, हा कशाला? एकच पातेलं ठेव. खाणारे आपण दोघं, डुकराच्या पाण्यातलाच खाऊ. ती गेली.

त्यानं सुरी खाली ठेवली. म्हणाला, "पातेलं तिचं आहे. गेली म्हणून तिचं नाही असं होतं का?" आणि थोड्या वेळानं, खाली बघून म्हणाला, "या वर्षी मी सांगणार होतो."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. जी काही इंग्रजी येत होती तिच्यात सांगितलं, बाकी फळीवर बोट ठेवून. तुझी चूक नाही. मला त्याच वेळी कळलं होतं. इथं उभा होतो. बाण पाहिला. तिनं विचारलं आणि मी लोणी म्हणालो.

"किती खाल्ला होता तिनं तेव्हा?"

"एक घास."

"तिनं तीनदा घेतला."

"हो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. यार्डात कुणी आखूड खिळा ठोकला की असा पाहायचा. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाला, "वाढायच्या आधी सांगायचं असतं, मेट. खाणारा ठरवतो." मग सुरी उचलली आणि दुसरा गड्डा माझ्यापुढं सरकवला. म्हणाला, चिर. मी चिरला. निघताना त्यानं विचारलं, उद्या सुनेला बोलावलंस? हेही तो दर वर्षी विचारायचा, आणि मी दर वर्षी सांगायचो तिला रजा नाही. तेच सांगितलं. म्हणाला, विचारलंस? मी देठ गोळा करायला लागलो. म्हणाला, उद्या आठला. पाणी ठेवायचंय.

सकाळी आठला मी गेलो. दार उघडंच असायचं. स्वयंपाकघरात कुणी नाही, मांस रात्रभर पाण्यात भिजत ठेवलेलं, कोबी झाकलेला, फळी खिळ्याला. हाक मारली. मग खोलीत गेलो. तो अंथरुणात कुशीवर होता, हात गालाखाली. हात लावला आणि मला कळलं. पत्रा गार आहे की गरम, हे हाताला कळायला वेळ लागत नाही.

एकशे अकराला, इथल्या अँब्युलन्सच्या नंबरला, फोन केला, पत्ता तेवढा सांगता आला. अँब्युलन्सवाली बाई आणि एक माणूस आले, म्हणाले पहाटेच गेला असेल, झोपेत. पोरगा कामाला वेलिंग्टनला गेला होता, म्हणून सुनेला फोन केला. ती अर्ध्या तासात आली, ऑफिसच्या कपड्यांत. तिनं सगळं केलं, कागद, डॉक्टर, आयर्लंडला त्याच्या पुतणीला फोन. अकरा वाजता त्याला नेला. मी फाटकापर्यंत गेलो. कुंपणाच्या आतल्या बाजूची घड्याळं उन्हात दिसत होती.

परत आलो तर सून पदर नसलेल्या खांद्यावर टॉवेल टाकून बेसिनपाशी. आलेल्या लोकांनी पाणी प्यायलेले ग्लास विसळायला तिनं नळ सोडला होता. म्हणाली, "बाबा, तुम्ही पडा थोडं. मी चहा टाकते, आणि हे सगळं फ्रिजमध्ये ठेवते, नाहीतर खराब होईल."

मी नळ बंद केला. म्हणालो, "बस."

"अहो बाबा, इट्स ओके, मी करते ना."

"बस. आज बायकांनी कशाला हात लावायचा नसतो."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याला धक्का बसला. पण खुर्ची ओढून बसली. मी फळी खिळ्यावरून काढली. आठचं पाणी सव्वाअकराला ठेवायचं म्हणजे सगळंच सव्वातीन तास पुढं. मी त्याची पेन्सिल घेतली आणि प्रत्येक घड्याळाशेजारी नवं घड्याळ काढलं, शेवटून सुरुवात करून. सव्वाचारला बसायचं. तिनं ऑफिसला फोन करून सांगितलं की आज येत नाही. रजा मिळते का, हे कुणी तिला कधी विचारलंच नव्हतं.

मग मी काम केलं. रडलो नाही, वेळ नव्हता. डुक्कर मोठ्या पातेल्यात. मधल्या वेळात ती टेबलाशी बसून विचारत होती, हे काय, ते का, कुंपणावर काय आहे. मी सांगत होतो. उठायला लागली की बस म्हणत होतो. बटाटा थोडा लागला, पण थोडाच. एक कोबी मोठ्या पातेल्यात टाकला, एक पांढऱ्यात, मीठ आणि लोणी घालून. चार वाजता पडदे ओढले. मेणबत्ती लावली. ती म्हणाली, बाबा, केवढं उकडतंय. मी म्हणालो, अर्धा तास सोस.

सव्वाचारला दोन्ही पातेली टेबलावर आणून ठेवली. ताटली घेतली. सून सगळं खाते, मला माहीत आहे, मुंबईची आहे. तरी डाव हातात धरून मी तिच्यासमोर उभा राहिलो.

"या मोठ्यात कोबी डुकराच्या पाण्यात शिजलाय," मी म्हणालो. "या पांढऱ्यात नुसतं लोणी. तुझ्या सासूला मी हे सांगितलं नव्हतं."

तिनं दोन्ही पातेल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी थांबलो. तिनं बोट दाखवलं, आणि मग मी वाढलं.